शेतात सापडलेले दगडी पाते : ओळखायचे कसे आणि पुढे काय करायचे?



घोड नदीकाठच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा सातवीतला मुलगा पाऊस पडून गेला की शेतातून खिसे भरून दगड आणतो. "फिर फत्तरां जमा करके लाया" म्हणून दादी ओरडते आणि दगड अंगणाबाहेर जातात. यंदा मात्र एक तुकडा कोणाला फेकवला नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, करंगळीपेक्षा बारीक, मधाच्या रंगाचा. मुलाने त्याने कोथिंबिरीची जुडी कापून दाखवली तेव्हा घरातले सगळेच पाहत राहिले.

या भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. हे खरोखर माणसाने केलेले आहे का? असेल तर किती जुने? तिसरा प्रश्न अवघड आहे. हा तुकडा शेताच्या कडेच्या उंचवट्यावर सापडला. तिथली माती पांढरट, राखेसारखी आहे आणि खत म्हणून ती ट्रॉलीने द्यायचे घरात ठरले आहे. विसारही घेऊन झाला आहे. मुलाचे चाचा म्हणतात, "कोणाला सांगू नका, सरकार जमीन घेईल. तो दगड नदीत टाका." भगिनी विचारतात, "टीचर, आम्ही काय करावे?"

नदीकाठी शेती असलेली आपली कितीतरी घरे आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देते.

चकचकीत दगड म्हणजे हत्यार नव्हे

आपला दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनला. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले आणि पाण्यातला वाळूचा अंश थरावर थर साचून गारगोटी, चर्ट, अकीक असे दगड तयार झाले. होय, आजोबांच्या अंगठीतला अकीक याच खानदानातला. काळा दगड झिजून त्याची माती झाली, पण हे कठीण खडे शिल्लक राहिले. म्हणून शेतात, ओढ्यात, नदीच्या वाळूत ते जागोजाग सापडतात.

त्यातले बहुतेक निसर्गाने घडवलेले आणि निसर्गानेच फोडलेले असतात. काही नांगराच्या फाळाने फुटतात, काही जेसीबीच्या दातांखाली, तर काही रस्त्याच्या खडीतून आलेले असतात. धार आहे, चमक आहे, एवढ्यावरून कोणताही तुकडा प्राचीन ठरत नाही. त्यावर माणसाचा हात फिरल्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत.

खुणा कोणत्या?

तुकडा सपाट कापडावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बाजूने प्रकाश पडेल असा पाहा. वरून थेट उजेड पडला तर बारीक खुणा दिसत नाहीत.

पहिली खूण पोटाकडच्या बाजूला. हेतूपूर्वक काढलेल्या पात्याची एक बाजू सलग, गुळगुळीत असते. जिथे घाव किंवा दाब दिला त्या टोकाखाली हलका फुगवटा असतो. तिथून पुढे, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा मंद लाटा दगडात गोठलेल्या दिसतात. नुसते डोळ्याने जमले नाही तर अंगठा फिरवून पाहा, फुगवटा हाताला कळतो.

दुसरी खूण पाठीकडची. पाठीवर एक किंवा दोन सरळ कण्यासारख्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात, दोन्ही कडांना समांतर. आधी त्याच दगडातून काढलेल्या पात्यांनी सोडलेल्या त्या खुणा. एक रेषा असेल तर आडवा छेद त्रिकोणी दिसतो. दोन असतील तर वरचे माथे कापलेल्या त्रिकोणासारखा. निसर्ग एखादी सरळ रेषा ओढू शकतो. समांतर कडा, समांतर रेषा आणि गुळगुळीत पोट हे सगळे एकाच तुकड्यावर तो क्वचितच जमवतो.

तिसरी खूण प्रमाणाची. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट असेल तर अभ्यासक त्याला पाते म्हणतात. त्यापेक्षा आखूड असेल तर छिलका. पुष्कळदा पाती मुद्दाम दोन्ही टोकांना मोडलेली सापडतात, कारण मधला सरळ भागच कामाचा असे. अशा तुकड्यावर फुगवटा नसेल. तेवढ्यावरून तो नाकारू नका, पाठीच्या रेषा तपासा.

चौथी खूण कडेवरच्या बारीक टवक्यांची. एका कडेवर ओळीने, सारख्या अंतरावर बारीक टवके काढून ती कड बोथट केलेली असेल तर ते जाणूनबुजून केलेले काम आहे. बोथट कड लाकडाच्या खोबणीत बसवायची, दुसरी धारदार ठेवायची. नांगराने पडलेले टवके वेडेवाकडे, दोन्ही कडांना, कुठेही असतात. शिवाय त्यांचा रंग ताजा असतो. जुन्या पृष्ठभागावर मातीचा मुरलेला रंग आणि टवक्यात मात्र कोरा दगड, असे दिसले की समजावे, ही जखम अलीकडची.

पाचवी खूण सोबतीची. माणूस जिथे पाती काढत बसला तिथे कचराही राहतो. बारीक छिलके, अर्धवट तुकडे आणि मुख्य म्हणजे गाभा, ज्यातून पाती काढली तो दगड. त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी असतात. एकटे पाते पाण्याने वाहत आलेले असू शकते. गाभा आणि छिलके सोबत असतील तर तिथे माणूस बसला होता.

एका गोष्टीने मात्र फसगत होते. चकमकीवर चालणाऱ्या बंदुकांतही गारगोटीचे घडवलेले तुकडे बसवत. ते जुन्या किल्ल्यांच्या परिसरात मिळू शकतात. ते चौकोनी आणि जाड असतात, पात्यासारखे लांबट नसतात.

या भगिनीने पाठवलेल्या फोटोंत पाठीवर दोन समांतर रेषा आहेत, पोट सलग आहे, दोन्ही टोके मोडलेली आहेत आणि एका कडेवर ओळीने बारीक टवके आहेत. माणसाने केलेल्या पात्याच्या या खुणा आहेत. शिक्का मारण्याचा अधिकार अर्थात पुरातत्त्वाच्या जाणकाराचा.

हुनर कसे होते?

ज्यांनी हे केले त्यांना आपण "जंगली माणसे" म्हणून सोडून देतो. एकदा करून पाहिले तर तसे म्हणवणार नाही. गारगोटीवर नुसता घाव घातला तर तिचा चुरा होतो. म्हणून आधी दगडाच्या एका अंगाला आळीपाळीने डावी-उजवीकडून छिलके काढून नागमोडी धार तयार करायची. त्या धारेच्या टोकावर योग्य कोनात जोर दिला की संपूर्ण धार एका लांब पात्यासारखी सुटून येते. ती निघाली की मागे दोन सरळ कडा राहतात. त्या वाटाड्याचे काम करतात आणि पुढचे प्रत्येक पाते त्यांच्या मागोमाग सरळ सुटते. पहिल्या धारेत चूक झाली तर सगळा दगड वाया. दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांना ही पद्धत चांगली अवगत होती.

दगडावर योग्य जागी योग्य जोर देण्याचे हुनर आजही जिवंत आहे. गुजरातमध्ये खंभात येथे अकीकाचे मणी घडवणारे कारागीर जमिनीत लोखंडी टोकदार सळई रोवतात, दगड त्या टोकाला टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने ठोकतात. छिलका सुटतो तो सळईच्या बाजूने. या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागीरही आहेत. दगड येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडून, आणि तिथल्या बाबा घोर यांच्या दर्ग्याशी कारागिरांची जुनी श्रद्धा जोडलेली आहे. याच कारागिरांकडे बसून अभ्यासकांनी सिंधू संस्कृतीच्या मण्यांचे कोडे समजून घेतले.

त्याच खंभातमध्ये दगड घासताना उडणाऱ्या धुळीने अनेक कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य आजार जडला आहे. म्हणून पालकांना विनंती, मुले "आम्हीही पाती काढतो" म्हणून गारगोट्या फोडायला बसली तर थांबवा. चुरा डोळ्यांत जातो आणि धूळ छातीत.

किती जुने?

इथे अनेकांची निराशा होते. एकट्या पात्यावरून त्याचे वय सांगता येत नाही. हाड, कोळसा, जळके धान्य यांचे वय कार्बन पद्धतीने काढता येते. दगडाचे नाही, कारण त्या पद्धतीला कधीतरी जिवंत असलेली वस्तू लागते.

शिवाय अशी पाती हजारो वर्षे बनत राहिली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि दगडी पाती मिळाली. तो काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानतात, आणि त्या वेळी महाराष्ट्रात शहामृग होते. मुंबईत मढजवळच्या एरंगळ परिसरात बारीक दगडी हत्यारे सापडली, ती शिकार आणि मासेमारी करणाऱ्यांची. आणि घोड, प्रवरा, गोदावरीच्या काठी पाती सापडतात ती तांबे वापरू लागलेल्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांत.

घोडकाठचे इनामगाव त्यातले सर्वांत नीट अभ्यासलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जवळपास पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले. त्याच्या अहवालावर म. के. ढवळीकर आणि ह. धी. सांकलिया यांच्यासोबत झेड. डी. अन्सारी यांचे नाव आहे. नेवाशाच्या १९५४-५६ च्या उत्खननाच्या अहवालावरही अन्सारी यांचे नाव आहे. महाराष्ट्राचा आद्य इतिहास खणून काढणाऱ्यांत आपलाही एक माणूस होता, हे मुलांना जरूर सांगा.

इनामगावला साधारण इ.स.पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे लोक राहिले. कुडाच्या भिंतींची घरे, धान्याचे कोठार, कुंभाराची भट्टी, पाटाचे पाणी, सातूचे पीक. तांबे होते पण महाग आणि दुर्मीळ. म्हणून रोजचे कापणे, चिरणे, सोलणे दगडी पात्यानेच होई. लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत तीन-चार पाती ओळीने डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवली की विळा तयार. एक पाते मोडले तर तेवढेच बदलायचे. पीक कापून कापून पात्याच्या कडेवर एक खास चकाकी येते, कारण गवताच्या आणि धान्याच्या ताटात सूक्ष्म वाळूचा अंश असतो. तुमच्या पात्याच्या धारेलगत अशी पट्टी दिसली तर त्याने कधी काळी कोणाच्या तरी घरात भाकरीची सोय केली आहे.

मग पंचवीस हजार वर्षांचे की तीन हजारांचे, हे ठरवायचे कसे? मातीवरून. पाते कोणत्या थरात होते, शेजारी कसल्या खापऱ्या होत्या, राख होती का, हाडे होती का? लाल खापरीवर काळ्या रेघांची नक्षी असेल आणि बोटाने वाजवली की धातूसारखा खणखणाट होत असेल, तर ती संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी भांडी, आणि पाते बहुधा त्याच शेतकऱ्यांचे. पात्याची साक्ष त्याच्या शेजाऱ्यांकडून मिळते. शेजारी हलवले की साक्ष संपली.

३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरम येथे एक घडवलेला दगड सापडला. भारतातल्या अश्मयुगाचा शोध तिथून सुरू झाला. असे दगड त्यापूर्वीही अनेकांच्या पायांखाली आले असतील. फूट यांनी तो कुठे मिळाला हे नोंदवले, आणि पुढे आयुष्यभर नोंदवत राहिले. म्हणून त्यांचा संग्रह आजही उपयोगी पडतो. नोंद नसलेला दगड नुसता दगड असतो.

पांढरीचे काय?

आता तिसरा प्रश्न. आपल्या गावांत काळी आणि पांढरी हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षे चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडे साचत गेली की माती पांढरट होते. त्यात सत्त्व असते, म्हणून शेतकरी ती खत म्हणून नेतात आणि माळवदावरही घालतात. नदीकाठच्या उंचवट्यावर पांढरी माती, खापऱ्या आणि दगडी पाते एकत्र असेल तर ते नुसते खत नसण्याची शक्यता मोठी. कोणाचे तरी पुरलेले गाव असू शकते. अशी कितीतरी गावे ट्रॉलीतून वाहून गेली आहेत.

चाचांची भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. शेतावर कर्ज असते, कागदपत्रांची धास्ती असते, आणि कचेरीचा अनुभव प्रत्येकाचा गोड असतो असे नाही. म्हणून कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगते. पाते सापडले म्हणून जमीन जात नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची असेल तर १९५८ च्या कायद्यानुसार सरकारला आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत ठेवावी लागते. जागा संरक्षित झालीच तर बांधकामावर बंधने येतात, हेही खरे आहे. पण नोंद करून, हंगामापुरता खड्डा घेऊन, माहिती मिळाल्यावर अभ्यासक निघून गेले, अशीही कितीतरी स्थळे आहेत.

विकण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो सोडावा. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. शिवाय उत्खननांत अशी पाती हजारोंनी मिळतात, त्यामुळे पैशांत त्यांची किंमत नगण्य. जमिनीत पुरलेले मडके, नाणी, दागिने असे काही निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

या भगिनीला मी फोनवर एवढेच सुचवले की माती देणे कायमचे थांबवू नका, आधी जाणकाराला दाखवा. विसार देणाऱ्याला खरे कारण सांगा आणि मुदत मागा. तोवर ट्रॉली भरायचीच असेल तर पाते मिळाले त्या कोपऱ्यापासून दूर भरा. मुलाच्या वालिदांनी विसार देणाऱ्याकडून पुढच्या जुमेपर्यंत मुदत मागून घेतली आहे. चाचा अजून नाराज आहेत. त्यांनाही हा लेख वाचून दाखवावा, एवढी विनंती.

असे काही सापडले तर

उचलण्याआधी मोबाइलने फोटो घ्या. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. फोनमधले लोकेशन चालू ठेवा. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात झाड, विहीर किंवा बांध दिसेल.

कागदावर गाव, गट क्रमांक, तारीख, कोणाला सापडले, वर मिळाले की किती खोल, आणि शेजारी काय होते ते लिहा. कागद आणि पाते एकाच पिशवीत ठेवा. दोन पाती एका पिशवीत नकोत, एकमेकांवर घासून धारेचे टवके उडतात.

पाते धुताना ब्रश, तेल, साबण नको. धारेवर लागलेल्या सूक्ष्म अंशावरून काय कापले होते हेही कधी कधी कळते. धार तपासायला भाजी कापू नका, आमच्या या छोट्या मित्राने तो प्रयोग एकदा केला तेवढा पुरे.

आणखी मिळतील म्हणून कुदळ घेऊन खणू नका. खणणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. संरक्षित स्थळावरून तर खडाही उचलू नका.

मग फोटो आणि नोंद घेऊन शाळेच्या इतिहासाच्या शिक्षकांना भेटा. त्यांच्यामार्फत राज्याचे पुरातत्त्व खाते, डेक्कन कॉलेज किंवा जवळच्या विद्यापीठातला पुरातत्त्व विभाग यांना पत्र लिहा. पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि दादीजान, नानीजान, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी आणलेले दगड अंगणाबाहेर फेकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. जमिनीने तीन हजार वर्षे जपलेली कोणाची तरी अमानत त्यांत असू शकते. ज्याने ते पाते घडवले त्याची भाषा, नाव, काहीच आपल्याला ठाऊक नाही. तो आज कोणत्याच एका जमातीचा नाही, या मातीत राहणाऱ्या सगळ्यांचा आहे. त्याच्याबद्दल जे काही कळेल ते त्याच्या घराच्या मातीतूनच, आणि ती माती सध्या आपल्या ताब्यात आहे.